आजोबा, तुम्ही बसा!

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, जेवणे झाली आणि नवरानवरीला भेटायला आम्ही रांगेत उभे राहिलो. स्टेजला चार पायऱ्या होत्या. बाजूला धरायला काही नव्हते, म्हणून मी क्षणभर थांबून पहिल्या पायरीचा अंदाज घेत होतो. तेवढ्यात मागून दोन तरुणांनी माझी बखोटी पकडली आणि "आजोबा, जपून... जपून..." असे म्हणत मला जवळजवळ उचलून वर नेले. मुले भली होती, त्यात शंका नाही. पण खरे सांगतो, त्या चार पायऱ्यांवर पडण्याची भीती मला त्यांनी धरल्यावर वाटली! एक पुढे ओढत होता, दुसरा वर उचलत होता आणि माझे पाय नेमके कुठे आहेत ते मलाच कळेना. फोटो झाला. खाली उतरलो तर तिसऱ्याने खुर्ची तयार ठेवलेली. "आजोबा, तुम्ही बसा. आता उठू नका." बसलो. पुढचा दीड तास मी त्या खुर्चीत होतो. आइस्क्रीमसुद्धा हातात आणून दिले.

हा लेख त्या खुर्चीविरुद्ध आहे.

वाचकांपैकी निम्मे म्हणतील, मास्तरांना कशाचाही राग येतो. काळजी घेतली तरी राग, नाही घेतली तरी राग. तेव्हा आधी अक्काची गोष्ट सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ती रोज पहाटे अंगण झाडायची, सडा घालायची आणि उकिडवे बसून रांगोळी काढायची. एका पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकला आणि ती पडली. हाड मोडले नाही. मनगट सुजले, कमरेला मुका मार लागला, पंधरा दिवसांत दुखणे गेले. पण घर घाबरले. भाच्याने फोन केला, "मामा, तुम्हीच सांगा तिला, तुमचं ऐकते ती." मी एस.टी. पकडून गेलो आणि शिक्षकी आवाजात तिला सांगितले, "अक्का, पुरे झालं आता. आयुष्यभर राबलीस, आता बसून खा." तिने ऐकले. माझे ऐकायची ती. तिच्यासाठी गादीची खुर्ची आली, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, हाक मारायला घंटी आली. आठ महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तिला खुर्चीतून उठायला दोन माणसे लागत होती. त्याच वर्षी दिवाळीनंतर, रात्री पलंगावरून त्या कमोडच्या खुर्चीपर्यंत जाताना, म्हणजे जेमतेम दोन पावलांच्या अंतरात, ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. पुढचे सांगत नाही. होळी तिने पाहिली नाही.

सगळे म्हणाले, वय झालं होतं. मीही म्हणालो. आज मला वाटते, अंगणातल्या शेवाळाने तिचे जेवढे नुकसान केले त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या गादीच्या खुर्चीने केले. आणि ती खुर्ची देणाऱ्यांत मी पहिला होतो.

नंतर वाचायला लागलो. (निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो आणि नातवाने इंटरनेट शिकवले आहे.) जे वाचले ते वर्गात सांगावे तसे सोपे करून सांगतो.

स्थिर उभा असलेला माणूस खरे तर स्थिर नसतोच. शरीर सतत किंचित पुढेमागे झुलत असते आणि घोटे, पोटऱ्या त्याला पुन्हा पुन्हा मध्यावर आणत असतात. हे सावरणे तीन बातमीदारांवर चालते. पहिला कानात, आतल्या बाजूला: तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि कॅल्शियमचे बारीक कण, जे डोके कुठे वळले, कुठे झुकले ते मेंदूला कळवतात. दुसरे डोळे. तिसरी बातमी तळपायांच्या कातडीतून आणि सांध्यास्नायूंतून येते, की जमीन कशी आहे, पाय कसा पडला आहे. वय वाढते तसे तिघेही जरा कामचुकार होतात. कानातल्या संवेदनपेशी कमी होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, मधुमेह असला किंवा बी-१२ कमी असले तर तळपाय बधिर होतात. (आपण शाकाहारी मंडळी! बी-१२ एकदा तपासून घ्या.) बातम्या उशिरा आणि अर्धवट आल्या की मेंदूचा हुकूमही उशिरा सुटतो. आणि हुकूम पाळणारे स्नायू? त्यांतले झटपट आकसणारे तंतू वयाबरोबर आधी क्षीण होतात. पाय अडखळला की दुसरा पाय विजेसारखा पुढे टाकायचे काम नेमके त्यांचेच. म्हणून तरुण माणूस अडखळतो आणि सावरतो. आम्ही अडखळतो आणि पडतो.

इथपर्यंत निसर्ग. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण या सगळ्या यंत्रणेचा एक गुण असा, की ती वापरली तर पुष्कळशी टिकते, बरीचशी सुधारतेसुद्धा, आणि बसवून ठेवली तर भराभर जाते. किती भराभर? २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. आजार काही नाही, नुसती विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. दहा दिवसांत! अक्का आठ महिने बसली होती.

उलट बाजूचा पुरावाही आहे. न्यूझीलंडमध्ये ८० वर्षांपुढच्या बायकांना घरच्या घरी पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम शिकवले. १९९७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: व्यायाम करणाऱ्या बायका इतरांपेक्षा कमी पडल्या. ऐंशी वर्षांपुढच्या, म्हणजे अक्कापेक्षा मोठ्या! पुढे २०१९ मध्ये अशा १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, माणसे तेवीस हजारांवर. व्यायामाने पडण्याचे प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटते असे दिसले. एखाद्या औषधाने एवढे केले असते तर त्याच्या जाहिरातींनी टीव्ही भरून गेला असता.

माझी सूनबाई हे सगळे ऐकून शांतपणे म्हणाली, "बाबा, ते ठीक आहे. पण तुम्ही पडलात तर करणार कोण?" प्रश्न खरा आहे आणि त्याला मी टाळणार नाही. खुब्याचे ऑपरेशन, दवाखान्याचे बिल, रात्रीची जागरणे, रजा... हे सगळे तिच्याच अंगावर येणार, माझ्या मुलापेक्षा तिच्याच, हे मला दिसते. तिचे "जपून" हे प्रेमाचे आहे आणि थकव्याचेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांतली ८० टक्क्यांवर आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. तेव्हा भीती खोटी नाही. माझे म्हणणे एवढेच, की खुर्ची त्या भीतीवरचा इलाज नव्हे. बसलेला म्हातारा आज पडत नाही, हे कबूल. पण त्याला दिवसातून चार वेळा न्हाणीघरात जावेच लागते, आणि दर आठवड्याला त्याचे पाय आधीपेक्षा कच्चे झालेले असतात. पडणे टळत नाही. पुढे ढकलले जाते आणि महाग होते.

आता डॉक्टरांकडे वळतो. सगळ्यांकडे नव्हे. पण म्हाताऱ्याने "डॉक्टर, चालताना झोकांड्या जातात" म्हटले की "काका, वय झालं आता" हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की हल्ली आम्ही विचारायचेच सोडले. मागे मला अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरे. एका दवाखान्यात मानेचा फोटो काढला, 'स्पॉन्डिलोसिस' असे सांगितले, मानेला पट्टा दिला आणि चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या सात महिने चालल्या. गरगरणे थांबले नाहीच, वर दिवसभर गुंगी. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवले, डोके एका बाजूला वळवून माझ्या डोळ्यांकडे पाहत बसले आणि म्हणाले, "सर, तुमच्या कानातले कण जागा सोडून नळीत गेलेत." मग डोके ठराविक क्रमाने चार वेळा वळवले. दहा मिनिटे लागली असतील. गरगरणे त्या दिवशी गेले ते आजपर्यंत परतले नाही. ही युक्ती जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची, १९८० सालापासूनची. सात महिने माझ्या वयाला दोष दिला गेला, आणि वयाचा त्यात थोडाच हात होता.

शिवाय गोळ्यांचेही पाहायला हवे. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो किंवा झापड येते. चक्करेवरच्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात, हालचाल मंदावते. म्हणजे तोल सांभाळायला घेतलेली गोळीच तोल घालवते! (माझे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओताव्या आणि यातली कुठली कमी होईल ते विचारावे.) दोन भिंगांचा चष्मा असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, हेही चष्म्याच्या दुकानात कोणी सांगत नाही.

घरात काय चालते? न्हाणीघरात आरशासारख्या गुळगुळीत फरशा आम्ही हौसेने बसवल्या. भिंतीला एक दांडी लावा म्हटले तर फरशीला भोक पडेल म्हणून दोन वर्षे चालढकल. कमोडशेजारी धरायला काही नाही, म्हणून सगळे म्हातारे नळाला धरून उठतात. नळ माणसाचे वजन पेलायला केलेला नसतो. पाय पुसणे घसरते, रात्रीचा दिवा बंद कारण वीजबिल. एवढे सगळे तसेच ठेवायचे आणि म्हाताऱ्याला सांगायचे, जपून!

आणि रस्ता. त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर रात्र सरेल. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी २०१२ साली जे मार्गदर्शन काढले, त्यात पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे आहे. म्हणजे सहा इंच. नातवाची पट्टी घेऊन मी आमच्या गल्लीतला पदपथ मोजला. अकरा इंच! त्यावर चढायचे म्हणजे एका पायावर सगळे वजन पेलून दुसरा गुडघ्याच्या दिशेने उचलायचा. चढले की दहा पावलांवर विजेची पेटी, मग उतरा. मग पुन्हा चढा. मधले पेव्हर ब्लॉक दातांसारखे पडलेले. राज्य सरकारने २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला, मला त्याचा आनंद आहे, मी त्याचा लाभही घेतो. पण तिकीट माफ करणे सोपे असते. स्टॉपपर्यंतचा रस्ता नीट करणे कठीण, कारण त्याच्या उद्‌घाटनाला फीत कुठे बांधायची?

इतरांवर एवढे तोंडसुख घेतल्यावर माझ्याच पिढीला सोडले तर तो पक्षपात होईल. मित्रहो, आपल्याला बसायला आवडते. "आजोबांना पाणी दे रे" हे ऐकायला गोड वाटते. काठी घ्यायची लाज वाटते, पण नातवाच्या खांद्यावर सगळा भार टाकायची वाटत नाही. सकाळी फिरायला जातो असे आपण अभिमानाने सांगतो. किती फिरतो? बागेपर्यंत, आणि मग बाकावर तासभर राजकारण. बरे, फिरणे चांगलेच, पण नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असा भरवशाचा पुरावा अजून मिळालेला नाही. तोल सुधारायचा तर तोलालाच काम द्यावे लागते. पूर्वी आपले घरच ते काम देत असे. पाटावर जेवायला बसा, हात न टेकता उठा, उकिडवे बसून धुणे धुवा. ते दिवस परत आणा असे मी म्हणत नाही. आमच्या आयांचे गुडघे त्यातच गेले. पण उठबस गेली तिच्या जागी काहीच आले नाही.

ज्यांना व्यायाम हा शब्द आवडत नाही त्यांनी पंढरपूरच्या विठोबाकडे एकदा नीट पाहावे. पाय जुळलेले, हात कमरेवर, खाली वीट. सावरायला हात मोकळे नाहीत आणि उभे राहायला जागा वीतभर. पाय जुळवून उभे करणे आणि मग डोळे मिटायला सांगणे ही जर्मनीच्या रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरांची एकोणिसाव्या शतकातली तपासणी, आजही दवाखान्यात करतात. आपला देव ती परीक्षा जन्मभर देत उभा आहे, आणि आपण त्याच्या दर्शनाला जाऊन आधी बाक शोधतो. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ सालच्या 'लाइट ऑन योगा' या पुस्तकात पहिले आसन ताडासन दिले आहे, म्हणजे नुसते सरळ उभे राहणे, आणि दुसरे वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभे राहणे. एवढ्या मोठ्या योग्याला सुरुवात उभे राहण्यापासून करावीशी वाटली.

एका पायावर उभे राहण्यावरून आठवले. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. पाचात एकाला जमले नाही. पुढच्या सुमारे सात वर्षांचा हिशेब २०२२ साली छापून आला. वय आणि आजार हिशेबात धरूनही, न जमलेल्यांत मृत्यूचा धोका ८४ टक्के जास्त होता. याचा अर्थ एका पायावर उभे राहिले की यमदूत परत जातो असा नव्हे. तोल हा आतल्या सगळ्या प्रकृतीचा आरसा आहे, इतकाच अर्थ. पण मग नाडी आणि रक्तदाब पाहणारे डॉक्टर ही दहा सेकंदांची तपासणी का करत नाहीत? तिला यंत्र लागत नाही म्हणून की काय?

मी ती घरी केली. एके काळी वर्गात दंगा करणाऱ्या मुलांना मी एका पायावर उभे करत असे, त्यातले कोणी हे वाचत असतील तर त्यांना समाधान वाटेल: मास्तर चार सेकंदांत डुलले. चार! स्वयंपाकघरातला ओटा धरायला होता म्हणून बरे. त्या दिवसापासून रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभा राहतो. आधी बोट टेकवून, मग बोट उचलून. फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा जुळवत दारापर्यंत जातो आणि येतो. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतो. (खुर्चीचा एवढा एक उपयोग मला मान्य आहे.) न्हाणीघरात दोन दांड्या लागल्या, फरशीला चार भोके पडली, घर कोसळले नाही. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत किंवा जे आधी पडलेले आहेत त्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून करावे, शेजारी माणूस असू द्यावे.

आणि तरुण मंडळींना एक सांगायचे आहे. म्हाताऱ्याचे बखोट धरू नका. बखोट धरले की सावरायचा हातच अडकतो. आपला हात कोपरात वाकवून त्याच्यापुढे करा, त्याला धरू द्या. कधी धरायचे, कधी सोडायचे ते त्याला ठरवू द्या. आणि तो पायरीपाशी थांबला तर थांबू द्या, तो अंदाज घेतो आहे. चालत असताना प्रश्न विचारू नका. बोलायला लागले की चालणे थांबते अशी माणसे पुढे जास्त पडतात असे १९९७ साली स्वीडनमधल्या लोकांनी पाहिले आहे. आधी पोचू द्या, मग विचारा पेन्शन किती मिळते ते.

सूनबाई अजून पूर्ण पटलेली नाही. सुरुवातीला ती गॅस सोडून माझ्यामागे दोन्ही हात पसरून उभी राहायची, जसे चालायला शिकणाऱ्या पोरामागे उभे राहतात. मला राग यायचा. हल्ली ती दोन हात लांब उभी असते, हातात मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेले. काल म्हणाली, "बाबा, उजवा चौदा, डावा नऊ. डाव्यावर उद्या परत." आणि चहा ओट्यावर ठेवून गेली, हातात आणून दिला नाही.